जवस

त्या वर्षी आमच्या पत्र्याच्या वसाहतीपासून
खैरीटोल्याचा बाजार अडीच कोस.
दुभाष्या तापाने निजलेला,
म्हणून मी एकटीच निघाले,
वैशाखात, अंगात लोकरी झगा.
दुसरं काही नव्हतंच.
बांधावरची पोरं खेळ सोडून मागे लागली.

जव हवे होते.
भाजून, दळून, चहात मळून
आमच्या डोंगरात जी सकाळ खातात, तिच्यासाठी.
‘जव’ हा शब्द मी वाटभर तोंडात धरला
चुळीसारखा,
सांडू नये म्हणून.

चिंचांपासून तलावाच्या पाळीपर्यंत बाजार.
माणसं जमिनीवर बसलेली
आणि त्यांच्यापुढे जमीनच,
वेगवेगळी करून मांडलेली.
तांदळाचे आठ ढीग, मला सगळे एकच.
लाखोळी. टेंभरं. सुकी मासळी.
एका ढिगाला मी खडे समजले, तो डिंक होता.
मोहफुलांच्या टोपलीपाशी वाटलं,
जवळच कुणीतरी झोपेत हसतंय.

मग पुस्तकलाबाई.
नाव पुस्तकला, अक्षर एक येत नव्हतं.
“का होना वो बाई तुले?”
मी तोंड उघडलं, शब्द सोडला.
तिने अर्धा ऐकला, उरलेला स्वतःच जोडला
आणि कुडवभर मोजून दिलं
तपकिरी, चपटं, चकाकणारं,
बोटांतून पाण्यासारखं निसटणारं.
म्हटलं, इथले जव असेच असतील,
उन्हाने वाळलेले.
आम्हीही कुठे पूर्वीसारखे राहिलो होतो?

रात्री भाजलं. तडतडलं, तव्याबाहेर उड्या मारल्या.
दळायला गेले तर जात्याला तेल सुटलं.
तरी चहात मळलं.
सासऱ्यांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला.
“चांगलं आहे,” म्हणाले,
“घोड्याला द्यायचो आपण असलंच काही.”
घोडा खिंडीपलीकडे राहिला होता.
कुणी हसलं नाही.
मग धाकटा हसला, मग सगळेच.

पुढच्या बुधवारी मी उरलेली पुडी परत नेली.
पुस्तकलाबाईने हुंगली, कपाळावर हात मारला.
“पीठ केलंस वो? जवसाचं?”
शेजारच्या दुधरामला सांगितलं, त्याने पुढच्याला,
हसू ओळीने तलावापर्यंत गेलं आणि परत आलं.
मग तिने लाल मिरच्या बांधल्या, लसणाच्या कुड्या दोन,
आणि हवेत वरवंटा फिरवून दाखवला.
मिरच्यांचे पैसे घेतले.
लसणाचे नाही.

दुधरामच्या पेटीत, माशांखाली,
भुशात गुंडाळलेली एक लादी होती.
मी हात ठेवला.
“बर्फ,” तो म्हणाला.
बोटं बधिर होईस्तोवर हात काढला नाही.
त्याने मासळीचा भाव सांगितला. पुन्हा सांगितला.
मग काही बोलला नाही,
झाकण तेवढं उघडं ठेवलं,
वितळत होतं तरी.

माझी मराठी अशी बुधवारी बुधवारी जमली.
म्हणून तिच्यात मापाचे शब्द जास्त:
पायली, कुडव, चिल्लर, वरचं मूठभर.
मासे इथे वाट्याने विकतात.
“घे, हा तुजा वाटा,” असं पहिल्यांदा कुणी म्हणालं
तेव्हा मी हात जोडले आणि निघाले.
पैसे द्यायचे असतात, हे चार पावलांनंतर
मागून हाक आली तेव्हा कळलं.

आता तिथे पुस्तकलाबाईची सून बसते.
‘का होना’ विचारत नाही,
मला लांबून पाहूनच कुडव भरते.
मी कधी जव मागितले होते
हे तिला ठाऊक नाही.

सासरे अखेरपर्यंत त्या चटणीला
आमच्या भाषेत जवच म्हणायचे.
भातावर घ्यायचे, चहा लांब सारून.